दोन रेडकं, एक प्लेट

खानापूरहून नंदगडकडे जाताना एका वाडीवर बोलावणं होतं. गोठ्यात दोन रेडकं. एक शेपूट उडवत उभं, दुसरं पोत्यावर आडवं, डोळे खोल गेलेले, मागचे पाय पिवळट हगवणीनं माखलेले. वयात एका दिवसाचं अंतर. आक्का म्हणाल्या, "एकच गोठा, एकच पाणी. मग ह्यालाच कसं झालं ओ, डॉक्टर?"

सलाईन लावलं. चीक पाजला का विचारलं, तशी त्यांनी मान खाली घातली. उभं रेडकू जन्मल्यावर तासाभरात आईला लुचलं होतं. आजारी रेडकाच्या आईचा पहिला चीक मात्र खरवसाला गेला. घरात पाव्हणे होते. माझ्या लेखी उत्तर तिथंच मिळालं होतं. तरी दोघांच्या शेणाचे नमुने काडीवर घेतले.

दुसऱ्या दिवशी पहाटे आजारी रेडकू गेलं.

बेळगावात प्रयोगशाळेत दोन्ही नमुन्यांतून ई. कोलाय वाढले, दोन्हीकडे सारखेच गुलाबी ठिपके. एकाच जातीचे जीवाणू, एका पोटात घातक, दुसऱ्या पोटात निमूट. मला चैन पडेना. निरोगी रेडकाच्या बारा वसाहती एका प्लेटवर टोचल्या, रात्रभर वाढवल्या, क्लोरोफॉर्मच्या वाफेनं मारल्या आणि वरून मेलेल्या रेडकाचे जीवाणू मिसळलेला पातळ आगर, म्हणजे जीवाणू वाढवायची जेली, ओतला.

सकाळी प्लेट उजेडाकडे धरली. सगळीकडे दुधी थर, पण सातव्या टोचणीभोवती काचेसारखं स्वच्छ कडं. पट्टी लावली, नऊ मिलिमीटर. तिथं मेलेल्या रेडकाचा एकही जीवाणू वाढला नव्हता.

विषाणूही जीवाणू फोडतात, म्हणून खात्री हवी होती. नवी प्लेट केली आणि सातव्या टोचणीच्या एका बाजूला ट्रिप्सिनचा, म्हणजे प्रथिनं तोडणाऱ्या पाचकरसाचा, थेंब ठेवला. पुढच्या सकाळी कड्याची चंद्रकोर झालेली. थेंबाकडची बाजू दुधी. म्हणजे मारणारं प्रथिन होतं. कोलिसिनच्या, म्हणजे ई. कोलाय बनवतात त्या विषारी प्रथिनांच्या, घरातलं असावं. बेल्जियममध्ये आंद्रे ग्राशिया यांनी १९२५ साली पहिलं कोलिसिन हेरलं, तेही ई. कोलायमध्येच. ही प्रथिनं जवळच्या भाऊबंदांनाच मारतात. शत्रूच्या अंगावर जी दारं बी-१२ जीवनसत्त्व आत घेण्यासाठी असतात, त्यांतूनच काही कोलिसिनं शिरतात. मग कुणी पडद्याला भोक पाडतं, कुणी डीएनए कापतं. बनवणारी पेशी बहुधा स्वतः फुटते तेव्हाच विष बाहेर पडतं. तिच्या बहिणी वाचतात, कारण उतारा त्यांच्या अंगातच असतो. त्या नऊ मिलिमीटरसाठी किती जणी फुटल्या असतील, हा विचार माझ्या डोक्यातून आजही जात नाही.

आक्कांना फोन केला. चिकाचंच पहिल्यांदा सांगितलं, कारण त्या कड्यानं दुसरं रेडकू वाचवलं असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नव्हता. मग प्लेटचं सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या.

"मग ह्याचं शेण त्याला चारलं असतं तर?"

चारायचं नाही, म्हटलं, शेणात दुसरे रोगही असतात. विष नुसतं काढून पाजावं, तर आतड्यातही ट्रिप्सिन असतंच. अमेरिकेत २००७ साली दूध तोडलेल्या डुकराच्या पिल्लांच्या खाद्यात कोलिसिन ई-१ मिसळलं, तेव्हा ई. कोलायची हगवण आटोक्यात राहिली होती. पण ते शुद्ध केलेलं आणि रोजच्या खाद्यातलं.

"म्हणजे बनवणारा जीवच पोटात वस्तीला पाहिजे म्हणा की."

हो म्हटलं. सातव्या टोचणीचे जीवाणू ग्लिसरॉलमध्ये घालून फ्रीजरमध्ये ठेवलेत. बाटलीवर वाडीचं नाव आणि तारीख आहे.