वाद, जल्प आणि अकरावीचा वर्ग

अकरावीला तर्कशास्त्र शिकवताना मी दरवर्षी पहिल्या आठवड्यात वर्गाला विचारते, की वाद म्हणजे काय, आणि उत्तर बहुधा 'भांडण' असेच येते. त्यात मुलांची चूक नाही. आपण वाद घालतो, उकरून काढतो, मिटवतो. ही सगळी क्रियापदे भांडणाचीच आहेत. न्यायदर्शनात, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या प्राचीन भारतीय तत्त्वज्ञानाच्या शाखेत, मात्र हा शब्द चर्चेच्या सर्वांत निर्मळ प्रकाराला दिलेला आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चा तीन प्रकारची सांगितली आहे: तत्त्व जाणून घेण्यासाठी प्रमाणांच्या (ज्ञानाच्या खात्रीच्या साधनांच्या) आणि तर्काच्या आधाराने चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचे खोडून काढत राहणे ही वितंडा. यांतली वितंडा मराठीत 'वितंडवाद' म्हणून तग धरून राहिली आणि वादाचा मूळ अर्थ हरवला, याची मला मनापासून खंत वाटते.

जल्पात छल, म्हणजे दुसऱ्याच्या शब्दाचा मुद्दाम वेगळा अर्थ घेणे, चालतो. न्यायसूत्रांवरील वात्स्यायनाच्या भाष्यातले त्याचे उदाहरण मुलांना फार आवडते: 'हा मुलगा नवकम्बल आहे', म्हणजे त्याच्याकडे नवे कांबळे आहे, असे कोणी म्हणताच दुसरा 'नव' म्हणजे नऊ असा अर्थ घेऊन विचारतो, की याच्याकडे तर एकच कांबळे आहे, नऊ कुठे आहेत? बोलणाऱ्याला काय म्हणायचे आहे हे कळत असूनही शब्द पकडायचा, ही रीत मोबाइलवर रोज पाहणाऱ्या मुलांना त्यामुळे प्रथमच तिचे नाव मिळते. न्यायसूत्रे जल्पाला सरसकट टाकाऊ ठरवत नाहीत, हेही मी सांगते. कोवळ्या रोपाभोवती काटेरी फांद्या लावतात तसा तो तत्त्वाच्या रक्षणासाठी वापरावा, असे ती म्हणतात. वाद मात्र गुरू, शिष्य, सहाध्यायी अशा 'अनसूयी', म्हणजे मनात असूया नसलेल्या माणसांशी करायचा असतो. वर्गाचे याहून नेमके वर्णन मला ठाऊक नाही.

अशा चर्चेचे एक उदाहरण आपल्या जवळचे आहे. १९८३ साली पुण्यात मे. पुं. रेगे, दयाकृष्ण आदी तत्त्वज्ञांच्या पुढाकाराने पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचे अभ्यासक आणि परंपरेत शिकलेले पंडित एकत्र बसले, आणि ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेलचा विधानांविषयीचा विचार संस्कृतात मांडून त्यावर चर्चा झाली. परक्याचे म्हणणे आधी पूर्वपक्ष, म्हणजे उत्तर देण्याआधी मांडायची समोरच्याची बाजू, म्हणून नीट उभे करायचे, ही शिस्त अशा चर्चेत अपरिहार्य होते.

तीच शिस्त मी वर्गात आणते. यंदा विषय होता, शिक्षण मराठी माध्यमातून असावे की इंग्रजी. मराठीच्या बाजूच्या मुलाने आधी इंग्रजीची बाजू मांडायची होती, आणि ती मान्य आहे असे समोरच्या मुलीने म्हटल्यावरच त्याला पुढे बोलता येणार होते. 'त्यांना मराठीची लाज वाटते,' असे तो म्हणाला आणि तिने मान हलवून नकार दिला. दुसरा प्रयत्नही फसला. तिसऱ्या वेळी त्याने, स्वतः अर्ज भरताना अडलेली आई मुलीला इंग्रजी शाळेत का घालते, ते सावकाश सांगितले, आणि ती म्हणाली, 'हो, हेच.' त्याचा पक्ष बदलला नाही, पण हेतू बदलला. अस्मितेऐवजी तो मराठी शाळांत इंग्रजी कसे शिकवले जाते, यावर बोलू लागला, आणि तास संपल्यावरही ती दोघे त्याच विषयावर बोलत पायऱ्या उतरत होती.