गोड बोला

सलूनमध्ये आरशावर, गणपतीच्या फोटोखाली नवी पाटी लागली आहे : ‘राजकारणावर बोलू नये. उधार मागू नये.’ उधारीचं जुनंच, वरची ओळ निवडणुकीत आली. कारण विचारलं तर कारागीर वस्तरा पुसत म्हणाला, “काका, एक गिऱ्हाईक अर्धी दाढी टाकून तरातरा निघून गेलं.” मग? “मग काय, आलं परत. एका गालाला साबण लावून माणूस जाणार कुठं?”

मला ती पाटी काही आवडली नाही. खुर्चीत बसल्या बसल्या सरकारही पाडता येत नसेल, तर दाढी घरी काय वाईट?

तशीही आपल्याकडे तोंड उघडण्याआधी चाचपणी होतेच. मूळचे कुठले? तालुका? मग आडनाव. कुलकर्णी निघाला तर काम सोपं. जाधव, शिंदे, पवार निघाला की विचारणारा अडकतो, कारण ही आडनावं कितीतरी जातींत सापडतात. मग तो पाहुण्यांवर येतो, मामाच्या गावावर येतो. मी अशा वेळी मुद्दाम एकेक उत्तर थांबून थांबून देतो. त्याची तगमग बघण्यात मजा असते.

आमच्या परभणीच्या घरी ही भानगड नव्हती. बाबांच्या शाळेतले ड्रॉइंगचे सर रोज संध्याकाळी यायचे आणि ओसरीवर बाजेवर बसून दोघं कडाकडा भांडायचे. आणीबाणी, जनता पक्ष, काही वर्ज्य नव्हतं. जुलै १९७८मध्ये शरद पवारांनी वसंतदादांचं सरकार पाडलं, तेव्हा तर गल्लीतली पोरं खेळ सोडून ऐकायला आली होती. “अहो मास्तर, पाठीत खंजीर याला म्हणतात!” सर गरजायचे. आवाज फारच चढला की आई सुशीला आणून ठेवायची. भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा तो प्रकार गार झाला की चिवट होतो, म्हणून भांडण थांबवून खावाच लागतो. आईचं राजकारण एवढंच, पण त्या दोघांच्या राजकारणापेक्षा पक्कं.

पवारांच्या शपथविधीनंतर आठवडा-दीड आठवड्यातच मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला. मराठवाडा पेटला. दलित वस्त्या जळाल्या. सरांची बहीण ज्या गावात दिली होती, तिथलीही.

सर बरेच दिवस आले नाहीत. आले तेव्हा कापसावर बोलले, पावसावर बोलले. आईनं सुशीला आणली. त्या दिवशी थांबवायला भांडणच नव्हतं. पुढे दोघांची भांडणं पूर्ववत सुरू झाली. इंदिराबाई परत आल्या, अंतुले आले नि गेले, सगळ्यांवर झाली. विद्यापीठाचा विषय मात्र आमच्या ओसरीवर कधीच निघाला नाही. मोर्चे शेजारच्या रस्त्यावरून जायचे आणि हे दोघं शिक्षकांच्या पगारवाढीवर वाद घालायचे.

नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ला. नेमकी संक्रांत. सर दरवर्षीसारखे संध्याकाळी आले. बाबांनी हातावर तिळगूळ ठेवला, “गोड बोला” म्हणाले. मग तासभर सरांच्या अडकलेल्या पेन्शनच्या फाइलबद्दल बोलणं झालं.

बाबा त्या नावाच्या बाजूचे होते की विरोधातले, मला आजही माहीत नाही. सरांना माहीत असावं.