वेग भरपूर, तरी चित्र अडकतं: फुटेज सर्व्हरचा अनुभव

बातम्यांच्या फुटेजसाठी सर्व्हर उभा करायचा म्हटलं की आधी जागेचा हिशेब होतो. तो सोपा. एक्सडीकॅम एचडी ४२२ या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये चित्राला सेकंदाला ५० मेगाबिट, २४ बिटच्या ८ ऑडिओ चॅनलना सव्वानऊ. म्हणजे तासाला साधारण २७ जीबी. ८ टीबीच्या ८ डिस्क रेड ६ मध्ये, म्हणजे दोन डिस्क बिघडल्या तरी डेटा टिकेल अशा संचात, लावल्या. दोन डिस्कएवढी जागा पॅरिटीत (हरवलेला डेटा परत काढायच्या माहितीत) गेली, उरले ४८ टीबी.

वेगही कागदावर पुरत होता. १० एडिट मशीन, प्रत्येकाच्या टाइमलाइनवर व्हिडिओचे तीन थर धरले, तर ३० फाइली एकदम वाचल्या जाणार: सेकंदाला सुमारे २२५ एमबी. सलग वाचताना हा संच याच्या तिप्पट सहज देत होता. तरी बुलेटिनच्या आधीच्या तासात चित्र अडकायचंच. केबल बदलली, स्विच बदलला, फरक शून्य. डिस्कवरचा ताण दाखवणाऱ्या आयओस्टॅट कमांडमध्ये डिस्क पूर्ण गुंतलेली दिसे आणि प्रत्यक्ष बाहेर येणारा डेटा जेमतेम.

दोष रीड-अहेडचा, म्हणजे पुढचा डेटा मागण्याआधीच किती वाचून ठेवायचा या मापाचा होता. रेड कार्डामागच्या (डिस्क जोडून एक संच करणाऱ्या कार्डामागच्या) संचाला लिनक्सने मूळचे १२८ केबी दिले होते. एवढ्यात या फुटेजची जेमतेम १७ मिलिसेकंद मावतात, एक फ्रेमही नाही. म्हणजे प्रत्येक फाइलसाठी सेकंदाला ५७ वाचनं, ३० फाइलींची सतराशे. फिरणारी डिस्क इकडेतिकडे उड्या मारत सेकंदाला शंभरेक वाचनं करते. आठांची मिळून आठशे. सगळा वेळ हेड हलवण्यात!

रीड-अहेड बदलायला लिनक्सच्या ब्लॉकडेव्ह कमांडच्या सेटआरए पर्यायाला ८१९२ दिलं. हा आकडा ५१२ बाइटच्या सेक्टरांचा, म्हणजे ४ एमबी. वाचनं सतराशेवरून साठच्या आसपास आली, अडकणं थांबलं. रीबूटनंतर हे पुसलं जातं, म्हणून यूडेव्हचा (डिस्क दिसताच लिनक्स आपोआप लावतं तो) नियम लिहावा लागतो. १६ एमबी करण्याचा मोह टाळा: फुटेज पुढेमागे सरकवत कुणाच्या बोलण्याचा तुकडा शोधणारा माणूस प्रत्येक झटक्याला नको तेवढा डेटा ओढतो.

तसंही नुसतं पाहायला मूळ फाइल कशाला? २ मेगाबिटच्या एच.२६४ प्रॉक्सी, म्हणजे हलक्या प्रती, वेगळ्या एसएसडीवर ठेवल्या, तासाला ०.९ जीबी.

एक डिस्क बदलायची वेळ आली, तर सेकंदाला १५० एमबीने रीबिल्डला (नव्या डिस्कवर डेटा पुन्हा भरायला) निवांत सर्व्हरवरही १५ तास लागतात. बुलेटिन चालू असताना तो वेग कार्डाच्या सेटिंगमध्ये कमी करा, मध्यरात्री वाढवा.