सुवाला घरसामान बोटीने नेलं, त्याची गोष्ट

फिजीत नोकरी लागली की ओळखीतलं कोणीतरी मला हमखास विचारतं, सामान बोटीने न्यावं का तिथेच सगळं घ्यावं. फोनवर माझं उत्तर दरवेळी लांबत जातं म्हणून म्हटलं एकदाच नीट लिहून टाकू.

आम्ही तिघं, बायको, मी आणि प्रायमरीतली मुलगी. बायकोला फिजीच्या राजधानीत, सुवाच्या युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ पॅसिफिकमध्ये कॉन्ट्रॅक्ट मिळालं आणि मी पुण्यातली नोकरी सोडून डिपेंडंट म्हणून निघालो, म्हणजे माझ्या परमिटवर तिथे काम करता येत नाही, घर लावणं हेच काम. परमिटचं फार लिहीत नाही, पोलीस क्लिअरन्स, मेडिकल, छातीचा एक्स-रे, डिग्र्या, लग्नाचं सर्टिफिकेट, सगळ्याच्या सर्टिफाईड कॉप्या आणि मग वाट बघायची. वेळ लागतो पण होतं. खरी गंमत सामानाची.

आपलं सामान अख्खा कंटेनर भरेल एवढं नसेल तर ते दुसऱ्यांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमध्ये जातं, त्याला एलसीएल म्हणतात. स्वस्त पडतं, पण कंटेनर भरेपर्यंत आपले खोके गोडाऊनमध्ये बसून राहतात, मग न्हावा शेवाहून सिंगापूर, तिथे दुसऱ्या बोटीवर चढणार आणि मग सुवा. एजंट जी तारीख सांगतो ती मनावर घ्यायची नाही. पॅकिंगला आलेल्या मुलांनी हात भराभर चालवले, तक्रार नाही, पण यादी करताना खोक्यांमागून खोक्यांवर 'किचन आयटम्स, मिसलेनियस' असं ठोकून दिलं, मी म्हटलं अरे काय काय आहे ते तरी लिहा, तर म्हणाला सर सगळीकडे असंच चालतं. सुवात नाही चालत, ते पुढे येईलच.

आम्ही विमानाने आधी पोचलो. आंतरराष्ट्रीय विमानं मुख्यतः नांदीला उतरतात, तिथून क्वीन्स रोडने सुवा जवळपास दोनशे किलोमीटर, रस्ता समुद्राच्या कडेकडेने जातो आणि प्रत्येक गावात स्पीड ब्रेकर. नांदीला कडक ऊन होतं, पॅसिफिक हार्बर मागे पडलं आणि पाऊस सुरू झाला तो आठवडाभर थांबलाच नाही. बेटाची ही बाजू वाऱ्याच्या तोंडावर येते, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि तो आपल्यासारखा चार महिन्यांत उरकत नाही, बारा महिने पडतो. कपाटातल्या चामड्याच्या चपलांना बुरशी, पासपोर्टच्या कव्हरला बुरशी. कोकणातल्या माणसाला याचं कौतुक नाही पण बायको सोलापूरची, तिला पहिले काही दिवस रडूच येत होतं.

घर समाबुलात मिळालं. काचेच्या पट्ट्यांच्या खिडक्या, त्याला लोखंडी गज, मागे पाण्याची टाकी. घर बघताना टाकी आहे का हे आधी विचारायचं, नळाचं पाणी अधूनमधून जातं. आत मात्र काही नाही, गाद्या विकत आणल्या, एक पातेलं, एक सुरी आणि बाकी सगळं शेजारच्या आंटींचं. आंटी म्हणजे इथल्याच, त्यांचे पणजोबा बस्ती जिल्ह्यातून गिरमिटावर आले. १८७९ ते १९१६ या काळात साठ हजारांवर माणसं इंग्रजांनी उसाच्या मळ्यांवर अशी करार करून आणली, बोटी सुटायच्या कलकत्त्याहून आणि नंतर मद्रासहून, मुंबईहून नाही, त्यामुळे मराठी घरं इथे शोधूनच सापडतात. आंटींची हिंदी अवधी-भोजपुरीतून आलेली, पहिल्याच दिवशी दारात येऊन 'कौनची मांगता?' म्हणाल्या, मला वाटलं चिडल्या, तर हातात कढई होती. त्या कढईवर आम्ही दोन-अडीच महिने काढले.

पलीकडच्या घरात कडावू बेटावरचं कुटुंब, आजी-आजोबा, नातवंडं आणि येणारे-जाणारे धरून किती माणसं राहतात ते अजून कळलेलं नाही. मुलगी तिकडेच असायची. रविवारी ते सगळे चर्चला जातात, दुकानं बरीचशी बंद, गाव एकदम गप्प, म्हणून भाजी शनिवारी सकाळीच आणायची.

सुवाचं मार्केट आता माझं आवडतं ठिकाण आहे. किलोचा हिशोब कमीच, बहुतेक भाज्यांचे ढीग लावलेले असतात, एका ढिगाचे दोन डॉलर, पाच डॉलर, घासाघीस करायची पद्धत नाही, पण ओळख झाली की वर दोन वांगी टाकतात. भेंडी, वांगी, चवळीच्या लांब शेंगा, कढीपत्ता, चिंच, सगळं मिळतं, वरच्या मजल्यावर यंगोना म्हणजे कावाची मुळं आणि मसाले. दालो म्हणजे आपल्या अळकुडीचाच मोठा भाऊ, त्याची पानं रोरो. पाहिल्याबरोबर मी जुडी उचलली, घरी चिंच-गूळ घालून फदफदं केलं, आंटींनी चव घेतली आणि म्हणाल्या ठीक है, पण तुम लोग नारियल का दूध काहे नहीं डालता. नीरफणसही मिळतो, त्याला इथे उतो म्हणतात, काप करून रवा लावून तळले की गुहागर आठवतं. वरण-भात, फदफदं, काप, महिनाभर हे जेवून कोणाची तक्रार नव्हती. पोळ्या मात्र बाटलीने लाटायचो.

तर एकदाची बोट लागली. मध्ये नोव्हेंबर ते एप्रिल वादळांचा सीझन, वॉर्निंग आली की बंदर बंद होतं आणि पुढचं सगळं वेळापत्रक सरकतं, त्यात आमची बोट अडकली होती. मग एजंटचा फोन, ओरिजिनल बिल ऑफ लेडिंग, म्हणजे बोटीवर चढवलेल्या मालाची पावती, आणा, पासपोर्ट आणा, परमिटची कॉपी, टीआयएन लेटर, सामानाची यादी किमतीसकट. टीआयएन म्हणजे टॅक्स नंबर, तो आल्या आल्या काढून ठेवा, बँकेतही लागतो. बिल बायकोच्या नावावर आणि ती लेक्चरला, म्हणून मला तिचं ऑथॉरिटी लेटर लागलं. तिथे नावांवरून अर्धा तास गेला. बायकोच्या नावात मधे माझं नाव, मुलीच्याही नावात मधे माझं नाव, काउंटरवरचा माणूस तिन्ही पासपोर्ट पुढे ठेवून शांतपणे विचारतो की यातले तुम्ही कोण. आपल्याकडे असंच असतं हे मी समजावलं, त्यानेही हसून मान डोलवली, मग साहेबांना बोलावलं, मग साहेबांना समजावलं.

कस्टमचं सोपं होतं. वापरलेल्या घरसामानाला सवलत मिळते, नव्या वस्तूला नाही, आणि खोक्यातून वस्तू बिलासकट निघाली की ती नवीच. मेव्हण्याने निघताना दिलेला डिनर सेट सीलबंद होता, त्यावर ड्युटी आणि व्हॅट भरला. म्हणून नवं काही न्यायचं असेल तर घरी चार महिने वापरा आणि खोका फेकून द्या.

बायोसिक्युरिटीला, म्हणजे बाहेरून कीड-रोग येऊ नयेत म्हणून सामान तपासणाऱ्या खात्याला, मात्र सगळे घाबरवून ठेवतात आणि मी पण टरकलोच होतो. इन्स्पेक्शन सुवातल्याच वालू बेच्या एका शेडमध्ये झालं, दोन ऑफिसर, एक टेबल, एक टॉर्च. बाईंनी यादी वाचली, मिसलेनियस, मिसलेनियस, मिसलेनियस, मग माझ्याकडे बघून म्हणाल्या ओके, सगळे उघडूया. ज्या खोक्यांवर नीट लिहिलं होतं, पुस्तकं, कपडे, स्टीलची भांडी, ते त्यांनी वरवर बघून बाजूला केले. म्हणजे ज्या शब्दाने पॅकर्सचे दहा मिनिटं वाचले त्याच शब्दाने आमची अख्खी दुपार खाल्ली.

एकेक वस्तू बाहेर आली. सायकलचे टायर धुतलेले आहेत का ते बघितलं, ट्रेकिंगच्या बुटांचे तळवे बघितले, माती नको. केरसुणी गेली. बांबूचं सूप आणि टोपली गेली. पूजेच्या डब्यातली सुपारी, हळकुंडं गेली, आईने दिलेले कडवे वाल गेले, त्याचं फार वाईट वाटलं. खलबत्ता दगडी म्हणून सुटला. पोळपाट-लाटणं टॉर्चने उलटसुलट बघितलं, किडीचं भोक नाही, सुटलं. देव्हारा सागवानी, तो कीड मारायच्या ट्रीटमेंटला. यात छळण्याचा हेतू नव्हता, लौटोकाच्या बाजूला २०१० च्या आसपास आशियाई वाळवी सापडली आणि तिने घरंच्या घरं, शाळा पोखरल्या, तेव्हापासून लाकूड म्हटलं की हे लोक टॉर्च काढतात. पॅकिंगच्या लाकडालासुद्धा नियम आहे, गाभ्यापर्यंत ५६ डिग्री तापमान सलग ३० मिनिटं दिलेलं हवं आणि त्यावर एचटी म्हणजे हीट ट्रीटमेंटचा शिक्का हवा, नाहीतर गॅसची धुरी दिलेली हवी. प्लायवूडला हे लागत नाही, म्हणून क्रेट करायचाच तर प्लायवूडचा सांगा.

मग निघाला मुलीचा तबला. कातडं! दोन्ही ऑफिसर वाकून बघायला लागले, हे कोणत्या प्राण्याचं, बकरीचं, कमावलेलं आहे का, मधे हा काळा गोल काय आहे. मी म्हटलं शाई, लोहकीस असतो. बाईंनी बोटाने एक टिचकी मारली, मग दुसऱ्याने मारली, मग मला म्हणाले वाजवा. मला येत नाही, पण मुलीचं ऐकून ऐकून धा धिं धिं धा एवढं येतं ते वाजवलं, शेडमधले हमाल जमले. हे करूनही तबला ट्रीटमेंटला गेलाच, नियम म्हणजे नियम. देव्हाऱ्याबरोबर पुढच्या आठवड्यात परत मिळाला, शाई शाबूत. या हवेत तो सारखा उतरतो आणि हातोडी घेऊन बसावं लागतं ते वेगळं, त्याला ऑफिसर काय करणार.

सामान परत भरताना मी सहज विचारलं, कारण आई फोनवर रोज म्हणत होती गुहागरच्या अळकुड्या पाठवते, दारात लाव. तिचे सकाळचे सात म्हणजे आमचे दुपारचे दीड, त्यामुळे हे सगळं जेवताना ऐकायचो. अळकुडी म्हटल्यावर बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांनी सामोआचं सांगितलं. १९९३ मध्ये तिथे अळूवर पानांचा करपा आला, पावसाळी हवा, जवळजवळ सगळीकडे एकच जात लावलेली, बघता बघता शेतं गेली, तोवर न्यूझीलंडला जाणारा अळू मुख्यतः सामोआचा होता तो धंदा बसला आणि फिजीने उचलला, तवेउनी बेटावरची कितीतरी घरं आज दालोवर चालतात. तो करपा फिजीत नाही, आणि भारतात आहे, सर्रास आहे. म्हणजे आईच्या प्रेमाच्या पिशवीतून काय येऊ शकलं असतं ते तिथे उभ्या उभ्या कळलं. मला तरी या सगळ्या प्रकारात सर्वात शहाणं ऑफिस हेच वाटलं, तीन पासपोर्टवाल्या काउंटरपेक्षा कितीतरी.

आता नेमकं काय न्यावं. मिक्सर न्या, इथे वीज २४० व्होल्ट, पन्नास हर्ट्झ, आपला मिक्सर आरामात चालतो, फक्त पिन ऑस्ट्रेलियन पद्धतीची, बदलून घ्यायची. पोळपाट-लाटणं न्या. मराठी पुस्तकं न्या, पण बंद डब्यात ठेवा, बुरशी. कुकर आणू नका, सुवात गुजराती दुकानांत मिळतो, कणिक, डाळी, गरम मसालाही मिळतो. गोडा मसाला घरी करायचा, दगडफूल तेवढं अडतं. फर्निचर अजिबात आणू नका, देव्हारासुद्धा आणला नसता तर ट्रीटमेंटचे पैसे वाचले असते असं मी एकदा घरात बोललो, परत बोलणार नाही. आणि यादी स्वतः करा, रात्री बसून, प्रत्येक खोक्यात कशाची वस्तू आहे, लाकडाची, कातड्याची, बांबूची, तेही लिहा. विमानाने आणलेलं अरायव्हल कार्डावर डिक्लेअर करा, डिक्लेअर केलं तर फार तर काढून घेतात, लपवलं तर दंड.

आई जूनमध्ये येतेय. तिला मी यादी पाठवली, अळकुड्या नाही, बियाणं नाही, मध नाही, तूप नाही, खवा नाही, सुपारी नाही, लोणचं फक्त कंपनीचं सीलबंद आणि तेही डिक्लेअर करून. तिचा उलट मेसेज आला, मग मी रिकाम्या हाताने येऊ का तिकडे, त्यापेक्षा तूच ये.