नाकाची शस्त्रक्रिया, वण आणि लग्नाचा मुहूर्त

लग्न ठरलं की आधी नाक नीट करून घ्यायचं, असा बेत इंदूरच्या मराठी घरांतही होतो. तेव्हा एवढं पाळाच: शस्त्रक्रिया आणि मुहूर्त यांत किमान सहा महिने हवेत, वर्ष मिळालं तर उत्तम.

बंद पद्धतीत छेद नाकाच्या आतच असतात. खुल्या पद्धतीत मात्र दोन नाकपुड्यांमधल्या दांडीवर जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा छेद घेतात, तोही मुद्दाम नागमोडी किंवा उलट्या 'व्ही'सारखा. सरळ वण आकसला की खाच पडते. टाके ५ ते ७ दिवसांत काढतात. जास्त राहिले तर टाक्यांचेच ठिपके उरतात. वण काही महिने गुलाबी आणि टणक राहतो, पुरता मुरायला वर्ष ते दीड वर्ष लागतं.

आपल्या गव्हाळ त्वचेत उन्हानं वण काळवंडतो. जखम पूर्ण मिटल्यावर एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन लावा, बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. सिलिकॉन जेलचा पातळ थर दिवसातून दोनदा, दोन-तीन महिने. हळद-चंदन ताज्या जखमेवर नकोच.

खरी काळजी आतल्या वणाची. शेंड्याची सूज सगळ्यात शेवटी उतरते, जाड त्वचेत वर्षाहूनही उशिरा. शेंड्याच्या वर पोकळी राहिली तर ती वणाच्या ऊतींनी भरते आणि नाक पोपटाच्या चोचीसारखं दिसू लागतं. सर्जन सांगतील तशी टेप लावा. गरज पडली तर ते थोडं ट्रायम्सिनोलोन, म्हणजे वण मऊ करणारं स्टेरॉइड, टोचतात. जास्त झालं तर त्वचा पातळ होऊन खळगा पडतो. दुरुस्तीची घाई वर्षभर तरी करू नये. आणि तंबाखू, सिगारेट शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर काही आठवडे पूर्ण बंद. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात, त्वचेचा तुकडा काळा पडू शकतो.

पहिले दोन-तीन आठवडे नाक शिंकरू नका, शिंक तोंड उघडून द्या, उशाशी दोन उशा घ्या. हाड कापलं असेल तर ४ ते ६ आठवडे चष्म्याचा भार नाकावर नको. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी इंदूरची मिरवणूक, त्या काळात आली तर राजवाड्याला जाऊच नका: गर्दीत एक कोपर पुरे, शिवाय गुलाल ओल्या जखमेत जातो.

नथीचंही विचारून घ्या. नाकपुड्या अरुंद केल्या असतील तर छेद त्यांच्या बुडाशी असतो, आणि चापाची नथ त्याच भागाला ओढते.

ताप, पू, एका बाजूला वाढत जाणारं दुखणं किंवा काळपट कड दिसली तर त्याच दिवशी सर्जनला गाठा.