खिंडसीच्या काठावरून ब्राझील

प्रतापनगरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये संध्याकाळी सातला रेडिओ लावला की बँडवर कुणी बोलत असो वा नसो, सिग्नल मीटर, ज्याच्या पायऱ्या एस-१ ते एस-९ अशा असतात, एस-७ वर चढून बसतो. तो सिग्नल नसतो, इमारतीची खरखर असते. एलईडी बल्ब, इन्व्हर्टर, मोबाइलचे चार्जर, लिफ्टची मोटर, पार्किंगमध्ये चार्जिंगला लावलेली स्कूटर, सगळ्यांचा तिच्यात वाटा. दूरदेशीचा आवाज बहुधा एस-२, एस-३ इतकाच असतो. तो माझ्या अँटेनापर्यंत पोहोचतही असेल, पण ह्या खरखरीखाली दबून जातो.

हॅम रेडिओ म्हणजे स्वतःच्या रेडिओ स्टेशनवरून जगभरातल्या हौशी लोकांशी बोलायचा छंद. त्याचा माझा परवाना रिस्ट्रिक्टेड श्रेणीचा. शॉर्टवेव्हवर जास्तीत जास्त ५० वॉट. जनरल श्रेणीची परीक्षा दिली तर ४०० वॉट वापरता येतात, आणि बरीच वर्षं मला वाटायचं की माझं घोडं तिथंच अडलंय. ज्या काकांकडे मी हे सगळं शिकलो त्यांनी एकदा कागदावर हिशेब मांडून दाखवला. मीटरची एक पायरी म्हणजे शक्तीत चौपट फरक. ५० चे ४०० वॉट केले तर आठपट, म्हणजे समोरच्याच्या मीटरवर जेमतेम दीड पायरी. आणि खरखर एस-७ वरून एस-१ वर आली तर? सहा पायऱ्या, ४ चा सहावा घात, ४,०९६ पट. "पॉवर वाढवून काय करशील बेटा? तो बोललेलं तुला ऐकूच आलं नाही, तर उत्तर कोणाला देशील?"

म्हणून नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एका शनिवारी शांतता शोधायला निघालो. घराबाहेरून स्टेशन चालवायची परवानगी आधीच हातात होती. सोबत भाचा. तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि त्याला तारा ओढायची, गाठी मारायची भारी हौस. गाडीत रेडिओ, २० अँपिअर-अवरची बॅटरी, दहा मीटरचा फायबरचा खांब (खरं तर मासेमारीचा, अँटेनासाठी अगदी सोयीचा), तारेची भेंडोळी, दोन घडीच्या खुर्च्या आणि ताईनं दिलेला झुणका-भाकरीचा डबा. तर्री पोहे खाऊन अकराला घर सोडलं. ऑटोमोटिव्ह चौक, कामठी, कन्हानचा पूल. मनसरला महामार्ग सोडून उजवीकडे वळलं की रामटेकचा गड समोर दिसायला लागतो. सगळं मिळून पन्नासेक किलोमीटर.

आधी गडावरच जायचं ठरलं होतं. उंच जागा म्हणजे चांगली जागा, हे कुणालाही पटणारं गणित. पण शॉर्टवेव्हला नुसती उंची पुरत नाही. वर पोहोचून बॅटरीवर नुसता रिसीव्हर लावला तर एस-५. दुकानांचे दिवे, लाउडस्पीकर, आसपासचे मोबाइल टॉवर. भाच्यानं चाचणीसाठी एक तार कठड्यावर पसरली न पसरली तोच दोन वानरं आली, आणि त्यातलं एक तारेचं टोक धरून भिंतीवर जाऊन बसलं. मंदिरात दर्शन घेतलं, कालिदास स्मारकाच्या बाजूनं चक्कर मारली आणि उतरलो. खाली अंबाळा तलावाच्या रस्त्यावर उकडलेले शिंगाडे घेतले, अजून गरम होते.

खिंडसी तलाव तिथून काही किलोमीटरवर. पर्यटकांच्या बोटी सुटतात तो भाग टाळून आम्ही बरंच पुढं, जिथं विजेची तार दिसत नव्हती असा काठ निवडला. पाणी ओसरून उघडी पडलेली काळी जमीन, मागं टेकड्या, पश्चिमेला नुसतं मोकळं आभाळ. समुद्रकाठी उभा अँटेना लावला तर खारं पाणी लाटेला आरशासारखं झेलतं. खिंडसीचं पाणी गोडं, त्यामुळे तेवढी अपेक्षा नव्हती. मला हवं होतं ते एवढंच, की दोनशे मीटरच्या आत एकही बल्ब नसावा.

१५ मीटर बँडसाठी, म्हणजे २१ मेगाहर्ट्झच्या आसपास, पाव तरंगलांबीचा उभा अँटेना करायचा तर तार लागते साधारण ३.४ मीटर. ती खांबाला बांधली आणि बुडाशी तेवढ्याच लांबीच्या चार तारा जमिनीवर फुलीसारख्या पसरल्या. एसडब्ल्यूआर १.३ आला, म्हणजे अँटेना रेडिओशी छान जुळला. शेळ्या घेऊन एक आजोबा आले नि खांबाकडे बघत उभे राहिले.

"मासोया गवसल्या का जी?"

म्हटलं, "नाही जी, रेडिओ लावून राहिलो."

रेडिओ चालू केला आणि मला आधी वाटलं की अँटेनाची केबलच सुटली. काटा हललाच नाही. एस-१ च्या खाली. स्पीकरमधून येत होता तो नुसता श्वासासारखा हलका आवाज. मी डायल हळूहळू फिरवायला लागलो. इटली. जरा पुढं पोलंड. मग खणखणीत एक फिनलंडवाला, ज्याला मी पहिल्याच हाकेत मिळालो. फिनलंड इथून सहा हजार किलोमीटर. आपल्याकडे दुपारचे साडेचार, त्याच्याकडे दुपारचा एक, बाहेर बर्फ. त्यानं हवामान सांगितलं, मी शिंगाडे सांगितले. शिंगाड्याला इंग्रजीत काय म्हणतात ते वेळेवर आठवेना, म्हणून पाण्यात उगवणारं फळ एवढंच म्हणालो.

भाच्यानं मध्येच विचारलं, "मामा, फिनलंड येतो, मग आजोबांचं नागपूर का नाही येत?" आजोबा म्हणजे माझे काका. त्यांना आम्ही ठरलेल्या वेळी त्याच फ्रीक्वेन्सीवर हाक मारली होती नि काहीच ऐकू आलं नव्हतं.

ह्या छंदातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे. जमिनीलगत जाणारी लाट काही किलोमीटरमध्येच थकते. बाकीची वर जाते. तिथं, २५० ते ४०० किलोमीटर उंचीवर, सूर्याच्या अतिनील किरणांनी हवेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे केलेले असतात. त्या थराला एफ-२ म्हणतात. २१ मेगाहर्ट्झची लाट त्याच्यावर सरळ उभी आदळली तर आरपार अवकाशात निघून जाते. तिरपी, क्षितिजालगत गेली तरच वाकून खाली येते, आणि ती उतरते पार दोन-तीन हजार किलोमीटर लांब. मधल्या पट्ट्यात कुणालाच काही ऐकू येत नाही. त्या पट्ट्याला स्किप झोन म्हणतात, आणि काकांचं घर त्यातच होतं. थराची ताकद सूर्यावरच्या डागांसोबत साधारण ११ वर्षांच्या चक्रात वाढते, घटते. सध्याचं २५ वं चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालं, आणि ते शिखरकाळात पोहोचल्याचं शास्त्रज्ञांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केलं. चक्राच्या तळाशी १५ मीटर बँड दिवसेंदिवस मुका असतो. माझा परवाना तेव्हाचा. पहिलं वर्ष मी जवळजवळ नुसती खरखर ऐकण्यात घालवलं.

साडेपाचला सूर्य टेकड्यांआड गेला. जॅकेट घातली. रेडिओच्या लॉगमध्ये वेळ जागतिक लिहायची असते, म्हणून माझ्या वहीत तेव्हा दुपारचे बारा. बँड आता पश्चिमेकडे सरकत होता. जपान केव्हाच बुडाला होता, युरोप अजून भरात. आणि २१.२ च्या आसपास, दोन दणदणीत युरोपियन स्टेशनांच्या मध्ये, मला एक बारीक आवाज लागला. आधी तर माणूस आहे की भास, तेही कळेना. डोळे मिटले. आवाज लाटेसारखा वर यायचा, चार-पाच सेकंद थांबायचा, बुडायचा. तिसऱ्या वेळी कॉलसाइनची, म्हणजे स्टेशनच्या ओळखनावाची, पहिली दोन अक्षरं मिळाली. पीवाय. ब्राझील.

प्रतापनगरातून ब्राझील मला कधीही ऐकू आला नव्हता. तो एकामागून एक युरोपातली स्टेशनं उरकत होता आणि त्याला हाका मारणाऱ्यांची ही गर्दी. मी माझ्या ५० वॉटांनिशी हाक मारली. काही नाही. पुन्हा. दहा-बारा वेळा मारली असेल. मग लक्षात आलं की मी त्याचा आवाज बुडालेला असताना ओरडतोय. वाट एकच असते. तो मला ऐकू येत नाही, तेव्हा मीही त्याला येत नसतो. गप्प बसलो. आवाज चढू दिला, तो अगदी वर आला आणि मागचा संपर्क संपल्याचं त्यानं म्हटलं, त्या फटीत एकदाच, सावकाश, अक्षरं सुटी करून कॉलसाइन सांगितला.

"व्हिक्टर युनिफॉर्म? व्हिक्टर युनिफॉर्म, अगेन?"

व्हीयू, म्हणजे भारताच्या कॉलसाइनची सुरुवात. भाच्यानं माझा खांदा धरला. त्याच क्षणी चार युरोपियन त्याच्यावर तुटून पडले. तेव्हा तो म्हणाला, जरा चढ्या आवाजात, "स्टँड बाय! ओन्ली व्हिक्टर युनिफॉर्म." आणि ते थांबले. हजार-हजार वॉटवाली ती सगळी स्टेशनं गप्प झाली. खिंडसीच्या काठावर कुणीतरी ५० वॉटांवर बसलंय, त्याचं होऊ द्या म्हणून. मी कॉलसाइन तीनदा सांगितला. त्यानं पूर्ण, बरोबर परत सांगितला. आवाज कसा येतोय त्याचा शेरा म्हणून मला फाइव्ह-थ्री दिला, मी त्याला फाइव्ह-फोर. तो साओ पावलोजवळचा. मी म्हटलं नागपूर, सेंट्रल इंडिया, पोर्टेबल, तळ्याकाठी. "ब्यूटिफुल," म्हणाला. सेव्हन्टी-थ्री, म्हणजे आमच्या भाषेत शुभेच्छा. संपलं. लॉगमध्ये वेळ १२:४७, आपले सहा वाजून सतरा मिनिटं.

साडेचौदा हजार किलोमीटर. अरबी समुद्र, आफ्रिकेचं शिंग, काँगोची जंगलं, अटलांटिक, चार-पाच उड्या. सगळा प्रवास सेकंदाच्या विसाव्या भागात. माझ्या यादीतला हा ८७ वा देश. डीएक्ससीसी ह्या हॅम लोकांच्या मानाच्या प्रमाणपत्राला १०० लागतात.

शेळ्या पाण्यावरून परतल्या होत्या. आजोबा जवळ येऊन ऐकत होते. "कोन बोलून रायला थो?" मी सांगितलं. त्यांनी पश्चिमेकडे हात केला, "तिकडं?" म्हटलं हो, बरोबर तिकडंच. त्यांनी थोडा वेळ तिकडं बघितलं आणि शेळ्यांना हाकारलं.

मी काकांना फोन लावला. काकांचं वय ७६. धरमपेठेत त्यांचं अंगणवालं घर होतं. तिथं १९८९ च्या सौरशिखरात त्यांनी स्वतः बांधलेल्या ट्रान्समीटरवर अर्धं जग गाठलं. संपर्क झाल्याची पोच म्हणून येणारी सोव्हिएत स्टेशनांची कार्डं तेव्हा मॉस्कोच्या पोस्ट बॉक्स ८८ मार्फत यायची, त्यांचा एक अख्खा बूट-बॉक्स त्यांच्याकडे आहे. आता ते फ्लॅटमध्ये राहतात. गच्चीवर अँटेना लावायला सोसायटीनं नाही म्हटलं, तेव्हापासून खिडकीतल्या तारेवर भागवतात.

"काका, ब्राझील झाला. अजून आहे तो. २१.२ च्या जरा वर, लावा."

रेडिओ सुरू केल्याचा खटका ऐकू आला. मग बराच वेळ काही नाही.

"नाही रे. नुसतीच खरखर आहे."

मी मोबाइल स्पीकरजवळ धरला. आता तो ब्राझीलवाला एका स्पॅनिश स्टेशनशी बोलत होता, आवाज मघापेक्षा चांगला वर आलेला. भाचा टॉर्च विझवून शांत बसला. मिनिटभर तसाच धरून ठेवला. मग कानाला लावला तर काका काही बोलत नव्हते. वाटलं कट झाला.

"काका?"

"आहे, आहे. ऐकतोय." घसा खाकरल्याचा आवाज आला. "पुढच्या शनिवारी किती वाजता निघता?"

"अकराला."

"मग एक खुर्ची जास्त घे. पाठ असलेली."