तळघरातली तेलाची टाकी गेली

आमचं न्यू जर्सीतलं घर १९६२ सालचं. घेताना अंगण बघितलं, शाळा बघितली; घर गरम ठेवायला जे तेल जाळतात, त्याच्या तळघराच्या कोपऱ्यातल्या २७५ गॅलनच्या टाकीकडे मात्र काणाडोळा केला. पहिल्याच हिवाळ्यात तिने हिसका दाखवला. टाकीच्या डोक्यावर एका नळीत लाल खूण तरंगत असते, ती तळाला टेकायच्या आत तेलवाल्याला फोन करायचा. जानेवारीत रोज रात्री मी जिना उतरून ती खूण बघून यायचो आणि मगच झोपायचो. २०२२ मध्ये तेल गॅलनला पाच डॉलरच्या वर गेलं. दोनशे गॅलनचं बिल बघून बायको म्हणाली, "आता पुरे झालं."

रस्त्याखालून गॅसची मुख्य लाइन जातच होती. अर्ज केला. खोदण्याआधी ८११ ला फोन केला की जमिनीखालचं सगळं फुकट आखून देतात: पाण्याला निळा रंग, विजेला लाल, टेलिफोनला केशरी. चार दिवस अंगणात रंगपंचमी. गॅस कंपनीने घरापर्यंत पाइप एका सकाळीत आणला.

रखडलं ते घराच्या आत. कंत्राटदाराने जुनी फर्नेस, म्हणजे घर तापवणारी भट्टी, काढून नवी गॅसची बसवली, टाऊनचा इन्स्पेक्टर आला. पाइपात हवा भरून दाबाची चाचणी झाली, काटा हलला नाही. मी खूश. तेवढ्यात त्याने फर्नेसजवळ बोट दाखवलं. तिथे खाली लोंबणारा, टोपण लावलेला वीतभर पाइपचा तुकडा हवा होता, गॅसबरोबर आलेला कचरा व्हॉल्व्हपर्यंत न जाता त्यात पडावा म्हणून. काम दहा मिनिटांचं, पण तपासणीची पुढची तारीख सहा दिवसांनी! नोव्हेंबरातल्या त्या सहा रात्री आम्ही सगळे एका खोलीत, एक विजेचा हीटर आणि आईने सांगलीहून आणलेल्या गोधड्या.

नवी फर्नेस ९६ टक्के कार्यक्षमतेची आहे. धुरातली उष्णता ती इतकी काढून घेते की उरलेला धूर साध्या प्लॅस्टिकच्या पाइपातून भिंतीबाहेर जातो. त्यामुळे चिमणीत धूर सोडणारा उरला एकटा पाणी तापवायचा हीटर. मोठ्या चिमणीत त्याचा थोडासा धूर थंड पडतो, नीट वर चढत नाही, म्हणून आत ॲल्युमिनियमची नळी सोडावी लागली. हा खर्च अंदाजपत्रकात नव्हता, तुम्ही आधीच विचारून घ्या. आणि टाकी काढली की बाहेरच्या भिंतीतला तेल भरायचा पाइपही काढायला लावा. पत्ता चुकून आलेल्या टँकरने टाकीच नसलेल्या तळघरात तेल सोडल्याचे प्रकार इकडे घडले आहेत.

फायद्याचं म्हणाल तर गॅस थर्म या उष्णतेच्या मापावर मोजतात आणि एक गॅलन तेल म्हणजे साधारण १.४ थर्म. थर्मचा दर १.४ ने गुणून तेलाच्या दराशेजारी ठेवा, आपलं गणित आपल्याला कळतं. आमचं तरी गॅसच्या बाजूने सुटलं. तळघरातला तेलाचा वास आणि काजळी गेली, ते वेगळंच. वीज गेली की फर्नेसचा गरम हवा ढकलणारा पंखा थांबतो आणि ती बंद पडते, तेव्हा गॅस आहे म्हणजे विजेशिवायही घर गरम राहील या भ्रमात राहू नका. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म प्रत्येक मजल्यावर लावलाय.

लाइन आलीच होती, म्हणून स्वयंपाकघरातही एक फाटा घेतला. विजेच्या कॉइलवर आईची भाकरी कधी धड फुगली नव्हती. पहिल्या दिवशी ज्वाळेवर टाकलेली ज्वारीची भाकरी टम्म फुगली आणि आईने ती चिमट्यात धरून सगळ्यांना दाखवली.

रात्री तिने विचारलं, "रेग्युलेटर कुठून बंद करायचा?"

"आई, इथे सिलिंडर नाही, रोज बंद करावा लागत नाही."

ते काही तिला पटलं नाही. शेगडीच्या पाइपचा कॉक तळघरात आहे. आता रोज रात्री तो बंद करायला मी जिना उतरतो.